विजेची पापणी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कारखान्याच्या नोंदवहीत चार रकाने आहेत. वेळ, मशीन, कारण, उपाय. 'मला भीती वाटते' हे त्यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ही वेगळी वही आणली.

सकाळी व्यवस्थापकांनी, बापाक हार्तोयोंनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "इबू नेंडेन, आजपासून विजेचं खातं तुमच्याकडे. अबाह उंडांग डिसेंबरअखेर निवृत्त होतायत, तोवर ते तुमच्या मदतीला. आणि एकच काम. पापणी लवली तरी मशीन थांबता कामा नये. तीन महिने देतो."

पापणी म्हणजे काय ते इथे जावातल्या पुर्वाकार्तात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुपारी डोंगरावर कडाडतं, लाइनीला कुठेतरी हिसका बसतो आणि दिवे एकदा मिचकतात. पाव सेकंद, फार तर अर्धा. वीज जात नाही, नुसती वाकते. घरातला पंखासुद्धा थांबत नाही. पण आमच्या शेडमधली धागा ताणून पिळणारी सहाच्या सहा मशिनं एकदम मान टाकतात. प्रत्येकावर दोनशे सोळा धागे, सगळे तुटतात. मग ओवणीच्या चौदा बायका धावतात आणि हवेच्या नळीने एकेक धागा ओढून रोळांवरून पुन्हा ओवतात. चार तास. तेवढ्यात दुसरी पापणी.

गिऱ्हाइकाने गाठी पडलेला माल दोनदा परत पाठवलाय. तिसऱ्यांदा पाठवला तर जुनी तीन मशिनं विकून टाकणार म्हणतात. शेडमध्ये माणसं दीडशे.

मी हो म्हणून आले. कसं करणार, काही माहीत नाही.

१६ ऑक्टोबर

अबाहंकडे मशीन चारचं ड्रॉइंग मागितलं. बत्तीस वर्षं या शेडच्या विजेत काढलेला माणूस, सगळ्यांचा अबाह, म्हणजे बाबा. कपाटातून गुंडाळी काढली, टेबलावर ठेवली आणि उघडलीच नाही.

"तू वाच, नेंग," पोरी म्हणावं तसं म्हणाले. "मी ऐकतो."

"अबाह, तुम्हीच दाखवा ना, कुठला रिले कुठे आहे ते."

"वाच म्हटलं ना."

शाळेतल्यासारखं अर्धा तास मोठ्याने वाचलं. अबाह डोळे मिटून चहा पीत बसलेले. मध्येच म्हणाले, "दहावा म्हणालीस? तो दहावा नाही, सोळावा असेल. सहाची शेपटी पुसली गेलीय." बघितलं तर खरंच सोळा. माझी परीक्षा घेतायत झालं. बाईच्या हाती खातं गेलं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

२० ऑक्टोबर

दोन पापण्या. पहिली २:५०ला, दुसरी ४:१५ला. दोन्ही वेळा धावत जाऊन ड्राइव्हचे पडदे पाहिले. मोटरला वीज मापून देणारे हे डबे. एकेका मशीनला चाळीस. सगळ्यांवर एकच वाक्य: व्होल्टेज कमी. म्हणजे रोग कळला. ड्राइव्ह नाजूक आहेत. जरा वीज वाकली की घाबरून सुटतात. पुस्तकात त्यांची सहनशक्ती वाढवायची सोय आहे, एक आकडा खाली आणायचा. आणते.

अबाह खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "मला आधी खटका ऐकू आला. ड्राइव्हचं रडणं मागाहून."

"पडद्यावर स्पष्ट लिहिलंय, अबाह. व्होल्टेज कमी."

"असेल. पडद्यावर लिहिलंय तर असेल."

ती खोच माझ्या लक्षात आली. आली तर आली.

२३ ऑक्टोबर

ओवणीच्या बायकांची मुकादम ओती, सगळ्यांची तेतेह, म्हणजे ताई. पन्नाशीची, पहाडासारखी. पापणी लवली की आधी मशीनचं लाल बटण दाबते, मगच बायकांना हात लावू देते. लाल बटण दाबलं की सगळं पुन्हा हाताने, एकेक करत, चालू करावं लागतं. बारा मिनिटं जातात. मी म्हटलं, "तेतेह, मशीन थांबलेलंच आहे. बटण कशाला?"

"थांबलेलं आहे आणि मी थांबवलेलं आहे, यात फरक आहे, इबू."

हिच्याशी कोण वाद घालणार?

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसले. केळीच्या पानातला भात, तळलेला टोफू, आणि ओतीचं ते मिरचीच्या ठेच्याचं साम्बाल, एका बोटाने कानातून धूर काढणारं. नुनुंग नावाची एक आहे, लग्न होऊन वर्ष झालंय, सारखी हसते. ती म्हणाली, "इबू आल्यात, आता पापणी लवायचीच नाही."

ओतीने विचारलं, "खरंच मशीन थांबायचं थांबलं, तर दुपारी आम्ही काय करायचं?"

"झोपा काढा!" मी म्हटलं.

सगळ्या खिदळल्या. ओतीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

३ नोव्हेंबर, सोमवार

सहाही मशिनांवरचा आकडा खालपर्यंत आणून झाला. आज पापणी लवली, वीज नोंदणारा रेकॉर्डर म्हणतो ०.३ सेकंद. सगळी मशिनं आडवी. काडीचाही फरक नाही.

दोन आठवडे वाया गेले. जेवण जात नाही. घरी एमा, माझी आई, म्हणते, "तुझे आजोबा बैल आजारी पडला की असेच फिरायचे अंगणात. बैल बरा व्हायचा, आजोबा आजारी पडायचे."

५ नोव्हेंबर

बापाक हार्तोयो कुठल्याशा बैठकीतून नवीन काहीतरी ऐकून आलेत. "ड्राइव्हमध्ये आपोआप पुन्हा चालू व्हायची सोय असते म्हणे. थांबलं तर थांबलं, दहा सेकंदांत आपलं आपण सुरू. धागे कमी तुटतील, रोळ गार पडणार नाहीत. ही सोय आपण का वापरत नाही?"

मी सांगितलं, पंपाला नि पंख्याला चालेल. इथे बायकांचे हात मशीनमध्ये असतात. आधी भोंगा हवा, मशीन सुरू व्हायच्या आधी वाजणारा.

"भोंगा मागवा."

"मागवलाय. पुढच्या आठवड्यात येईल."

"आणि पुढच्या आठवड्यापर्यंत मी गिऱ्हाइकाला काय सांगू? एका मशीनवर करून तर बघा. तुम्ही स्वतः उभ्या राहा."

मी स्वतः उभी राहणार असेन तर काय हरकत आहे, असं वाटलं. अजूनही वाटतंय. फक्त भोंगा निघाला का ते विचारायला दोनदा फोन केला.

६ नोव्हेंबर

मशीन चारवर सोय चालू केली. बायकांना गोळा करून सांगितलं: चाचणी चालू आहे तोवर लाल बटण दाबायचं नाही, मशीन थांबलं की दहा सेकंद कोणी जवळ जायचं नाही.

ओती म्हणाली, "दहा सेकंद कोण मोजणार?"

"मी."

"बरं. तुम्ही मोजा."

७ नोव्हेंबर

घडलं तसं लिहिते.

३:४० ला पहिली पापणी. बाकीची पाच मशिनं मेली. चार नंबर थांबलं, मी मोठ्याने मोजलं, दहाला ते आपण होऊन सुरू झालं. मी टाळी वाजवली. देवा, मी टाळी वाजवली.

काही धागे रोळाला गुंडाळले होते. ते वेळीच कापले नाहीत तर रोळ बिघडतो. नुनुंग आकडी घेऊन बाजूला उभी होती. तेवढ्यात दुसरी पापणी, मिनिटही झालं नव्हतं. मशीन पुन्हा थांबलं. मी तेव्हा पलीकडे पडदा वाचत होते. मोजत नव्हते. नुनुंगला वाटलं आता हे कायमचं थांबलं. तिने गुंडाळी कापायला हात घातला.

ते सुरू झालं.

ओतीने लाल बटणावर आख्खं शरीर टाकलं. नुनुंगची दोन बोटं, उजव्या हाताची. धाग्याने हाडापर्यंत चिरली. नुनुंग ओरडलीसुद्धा नाही. नुसती बोटांकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले बोटं राहतील. वळतील की नाही ते सांगता येत नाही.

८ नोव्हेंबर

अपघाताचा अहवाल लिहिला. पहिलं वाक्य: 'कामगाराने ठरवून दिलेला दहा सेकंदांचा नियम पाळला नाही.'

खरंच आहे ते. नियम होता. तिने पाळला नाही.

एमाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आणि नियम कुणी केला?"

"मी."

"आणि बटण दाबू नका कोण म्हणालं?"

मी कागद फाडला. दुसरा घेतला. त्यात माझं नाव पाच वेळा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

अहवाल दिला. बापाक हार्तोयोंनी दोनदा वाचला. "असं लिहायची गरज नव्हती. तुमच्या फायलीत राहील हे."

"राहू दे."

"माझंही नाव आहे यात."

"आहे."

त्यांनी अहवाल जवळ ओढला. मग सही केली. माणूस वाईट नाही, घाईत आहे. मीही घाईतच होते. चार नंबरवरची ती सोय मी सकाळीच काढून टाकली होती.

दुपारी ओतीजवळ गेले. माफी मागावी म्हणून गेले आणि तोंडून निघालं भलतंच. म्हटलं, "अबाह उंडांगना आनंद झाला असेल आज."

ओतीने हातातली बॉबिन खाली ठेवली. "कशाचा आनंद?"

"मी तोंडावर पडले त्याचा."

"त्यांना तुमचं तोंड दिसत नाही, इबू."

मला कळलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, बाई, तू इंजिनियर कशी झालीस? "दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. सगळ्या शेडला माहीत आहे. पॅनेलवरचे आकडे आमची नुनुंगच वाचून दाखवायची त्यांना, जेवणाच्या सुट्टीत. वरती कळलं तर डिसेंबरपर्यंतसुद्धा ठेवणार नाहीत, म्हणून कुणी बोलत नाही. आता तुम्हाला माहीत झालंय. बघा काय करायचं ते."

घरी येऊन ही वही मागे चाळली. सोळा ऑक्टोबर. 'माझी परीक्षा घेतायत झालं.'

१२ नोव्हेंबर

अबाहंना शोधत गेले. मशीन सहाच्या मागे, पालथ्या बॉबिनच्या पेटीवर बसले होते. सहा नंबर दुरुस्तीसाठी बंद आहे.

मी म्हटलं, "अबाह, खटका आधी आणि रडणं मागाहून, असं म्हणाला होतात. मला सांगा, मी ऐकते."

त्यांनी मान वर केली. डोळे माझ्या खांद्याच्या थोडे पलीकडे. मला हे इतके दिवस दिसत कसं नव्हतं?

"ओती बोलली वाटतं."

"हो."

"हं." थोडं थांबून म्हणाले, "तू सांगणार का वरती?"

"काय सांगायचं? ड्रॉइंगमधला पुसलेला आकडा मी चुकीचा वाचला आणि तुम्ही न बघता बरोबर सांगितला, हे?"

ते हसले. पहिल्यांदाच बघितलं त्यांना हसताना. मग सांगायला लागले, हातांनी, टाळ्या वाजवत. "पापणी लवते ना, तेव्हा आधी भिंतीवरचे कॉन्टॅक्टर, ड्राइव्हला वीज जोडून देणारे मोठे खटके, सुटतात. खट्ट. सगळे एकदम. त्यांच्या पोटातलं चुंबक इवल्याशा विजेवर धरून असतं, आणि ते भित्रं. ते सुटलं की ड्राइव्हची वाटच तुटते. मग ड्राइव्ह रडत रडत खाली येतो आणि पडद्यावर लिहितो, व्होल्टेज कमी. खोटं नाही बोलत बिचारा. त्याचं तोंडच बांधलं तर तो दुसरं काय लिहिणार?"

मी तिथेच जमिनीवर बसले. दोन आठवडे मी ज्याला औषध पाजत होते तो आजारीच नव्हता.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तू म्हणालीस पडद्यावर स्पष्ट लिहिलंय."

१३ नोव्हेंबर

बोलणं आणि सिद्ध करणं वेगळं. आज सहा नंबर रिकामं चालवलं, धाग्यांविना. मुख्य विजेला हात लावला नाही, फक्त रिले आणि कॉन्टॅक्टरना जाणारी बारीक तार एका क्षणापुरती तोडली. खट्ट. मशीन मेलं. पडद्यावर: व्होल्टेज कमी. मुख्य वीज तर जशीच्या तशी होती!

मग उलट. ती बारीक तार बॅटरीवर जोडली आणि मुख्य वीज पाव सेकंद तोडली.

अबाह डोळे मिटून उभे होते. मीही मिटले. मशीनचा आवाज किंचित खाली गेला, दमलेल्या माणसाने उसासा टाकावा तसा, आणि पुन्हा वर चढला. खटका नाही.

"अजून एकदा," अबाह म्हणाले.

आम्ही ते अकरा वेळा केलं.

१८ नोव्हेंबर

पाव सेकंद जमतो, अर्धा नाही. अर्ध्या सेकंदाला ड्राइव्ह खरोखरीच उपाशी पडतात. पुस्तकात एक पान सापडलं. मोटर फिरत असते, रोळ फिरत असतात, त्यांच्या अंगात वेग असतो. वीज वाकली की ड्राइव्ह मोटरला थोडं मागे ओढतो, आणि त्या ओढण्यातून मोटरच उलट वीज बनवून ड्राइव्हला पाजते. मशीन आपल्याच वेगावर जगतं. फार वेळ नाही. पापणीपुरतं.

अबाहंना वाचून दाखवलं. म्हणाले, "सायकल चढावर असते तेव्हा आपण असंच करतो. आधी घेतलेला जोर खातो."

पण सगळे रोळ एकाच प्रमाणात हळू व्हायला हवेत, नाहीतर त्या ओढाताणीतच धागा तुटेल. त्याचं गणित दोन दिवस चाललंय. शिवाय दुसरं एक मी लिहून ठेवलंय, मशीनच्या दारावर चिकटवायला: अर्ध्या सेकंदाहून जास्त झालं तर मशीन थांबेल आणि थांबलेलंच राहील. माणसाने चालू केल्याशिवाय चालू होणार नाही. लाल बटण आधी, हात नंतर.

२१ नोव्हेंबर

नुनुंगला भेटायला गेले. हाताला केवढं मोठं बँडेज. तिची सासू दाराशी उभी होती, आत या म्हणाली नाही. नुनुंगनेच ओढून नेलं. "इबू, अबाहंना आकडे आता कोण वाचून दाखवतं?"

"मी."

"हळू वाचा. तुम्ही फार भराभर वाचता."

२५ नोव्हेंबर

बॅटरीच्या पेट्या आणि रोळांचं नवं गणित उरलेल्या पाच मशिनांवरही बसलं, सहा नंबरही दुरुस्त होऊन चालू झालं. पापणी मात्र लवत नाही. आकाश निळंशार. शेडमधून चारदा बाहेर येऊन ढग बघितले. पहारेकरी म्हणाला, "इबू, कपडे वाळत घातलेत का?"

१ डिसेंबर, सोमवार

दुपारचे ३:२२. दिवे मिचकले.

ओवणीच्या तेराजणी सवयीने उठल्या, नळ्या हातात. नुनुंगही आज पहिल्यांदा आली होती, बसून बघायला. सगळ्या उभ्या राहिल्या. मशिनांनी उसासा टाकला आणि परत सूर धरला. एकही धागा तुटला नाही. सहा गुणिले दोनशे सोळा, मी स्वतः फिरून पाहिलं.

बायका हातात नळ्या घेऊन उभ्या, लग्नघरी चुकीच्या दिवशी आल्यासारख्या. मग अबाह खांबाजवळून म्हणाले, "लवली होती का?"

"लवली होती," मी म्हटलं आणि रडायला लागले. सगळ्यांसमोर.

९ डिसेंबर

आठवड्यात नऊ पापण्या. एकदाच मशिनं थांबली, ती लांबली होती, दीड सेकंद. थांबली आणि थांबलेलीच राहिली. बाकी आठ वेळा शून्य. बापाक हार्तोयोंनी पिवळ्या भाताचा डोंगर मागवला. शेंडा कापून, मानाचा म्हणून, माझ्या ताटात ठेवला. गिऱ्हाइकाने माल घेतला, मशिनं विकायचा विषय बंद झाला, असं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेतेह ओतीने भात पानात बांधून घेतला, घरी नेते म्हणाली. मी म्हटलं इथेच खा की. ती म्हणाली, "आज काम केलेलं नाही, भूक नाही."

छान झोप लागेल आज.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सूचना फलकावर यादी. ओवणीच्या चौदाजणींचा करार एकतीसला संपतो. नवा होणार नाही.

मी यादी तीनदा वाचली. मग या वहीत तेवीस ऑक्टोबर काढून वाचला. 'झोपा काढा!' असं मी म्हणाले होते. आणि सगळ्या हसल्या, असंही लिहून ठेवलंय.

ओतीला तेव्हाच कळलं होतं. मला मशीन कळतं.

१५ डिसेंबर

बापाक हार्तोयोंच्या केबिनमध्ये दीड तास.

"तुम्हीच केलंत हे, इबू. अभिनंदन म्हणतो मी, आणि तुम्ही भांडताय."

"हे करायचं ठरलं नव्हतं."

"मशीन न थांबणं ठरलं होतं. ओवणी कशासाठी होती?"

मग तयार करून नेलेला कागद काढला. बॅटऱ्या दर आठवड्याला तपासायला हव्यात. कॉन्टॅक्टर, रोळांचा वेग, रेकॉर्डरच्या नोंदी. शिवाय मालावरच्या गाठी तपासायला धाग्यावर बसलेला हात आणि नजर हवी, ती या बायकांइतकी कुणाकडे नाही. मी चौदा कामं लिहून नेली होती. त्यांनी पेनाने आठ खोडली.

"सहा. आणि हे मी गिऱ्हाइकामुळे करतोय, तुमच्यामुळे नाही."

"नुनुंग सहांत हवी."

"ते मला सांगू नका. मला माहीत आहे."

बाहेर आले तेव्हा वाटलं, जिंकले. दहा पावलं गेल्यावर आठ आठवल्या.

१६ डिसेंबर

सहा कोण, हे ओतीनेच ठरवलं. नुनुंग, आणि ज्यांची मुलं लहान त्या पाचजणी. स्वतःचं नाव घातलं नाही. मी म्हटलं, "तेतेह, पहिलं नाव तुमचंच असायला हवं."

"मला शिकवू नका, इबू. मी रागावलेय तुमच्यावर. रागावलेल्या माणसाला मोठेपणाही देऊ नका, तो फुकट जातो."

मी यादीची घडी घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नुनुंगच्या बोटांवरून मी जास्त रागावायला हवं होतं. पण ते तुम्ही कागदावर लिहिलंत. हे कुठे लिहिणार?"

३१ डिसेंबर

अबाहंचा आणि आठजणींचा शेवटचा दिवस. एकच कार्यक्रम केला, बायकांनीच हट्ट धरला. अबाहंना निवृत्तीच्या कागदावर सही करायची होती. मी शेजारी बसून त्यांचं बोट योग्य रेघेवर ठेवलं. बापाक हार्तोयो समोर होते. त्यांनी बघितलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

निघताना अबाह म्हणाले, "नेंग, तू आता ऐकतेस. पण माणसं बोलत नाहीत तेही ऐकायला हवं. मला स्वतःला ते जमलं नाही, म्हणून सांगतो."

ओती फाटकातून गेली. मागे वळली नाही. का वळावं?

७ जानेवारी

भाजीबाजारात ओती भेटली. बहिणीच्या गाळ्यावर कोबी तोलत होती. मी कोबी मागितला. तिने सड्या पानांचा दिला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

म्हणाली, "काल दुपारी दिवे मिचकले इथे. मी सवयीने उठले हो. बहीण म्हणाली, कुठे निघालीस?"

"आणि?"

"आणि काय? कोबी तोलला." पैसे परत देताना विचारलं, "थांबली का मशिनं?"

"नाही."

"एक धागाही नाही?"

"एकही नाही."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत होती. "अडीचशे रुपिया... छे, अडीच हजार राहिले तुमचे," म्हणाली आणि हिशेब दोनदा चुकली. तिचे डोळे भरले होते की माझे, ते नीट कळलं नाही.

९ जानेवारी

कंपनीच्या सुबांगच्या कारखान्यातही पापणीचा त्रास आहे. बापाक हार्तोयो म्हणाले, तुम्हीच जा, तीन महिने. पगार वाढेल, पद वाढेल. एमा म्हणाली, जा. मी रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, झोपले. सकाळी उठून हो म्हटलं. हे काम मला येतं, आणि ते करावंसं वाटतं. या दोन्ही गोष्टींची आता थोडी भीती वाटते, पण त्या खऱ्या आहेत.

मात्र एक अट लिहून दिली: काम संपल्यावर माणसांचं काय होणार, ते काम सुरू व्हायच्या आधी कागदावर हवं. उत्तर आलं नाही. 'नाही' असंही आलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार. सुबांग.

इथले व्यवस्थापक तरुण आहेत, उत्साही. फाटकातच म्हणाले, "चला इबू, आधी पॅनेल दाखवतो."

मी म्हटलं, "ओवणीच्या बायका कुठे बसतात?"

शेडच्या टोकाला, पंख्याखाली जेवत बसल्या होत्या. मला बघून एक उठायला लागली. मी तिला खूण केली, बस. मीही बसले. माझं नाव सांगितलं, कशाला आलेय ते सांगितलं. पुर्वाकार्तात चौदाजणी होत्या, सहा राहिल्या, हेही सांगितलं. एका बाईने हातातला घास पानात परत ठेवला.

"मग इथे का आलात?" तिने विचारलं.

"मी नाही आले तर दुसरं कुणीतरी येईल. तो तुम्हाला शेवटी भेटेल. फलकावरच्या यादीतून."

त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. वर पंखा कुरकुरत होता. मी वही उघडली, ही नाही, कामाची, नवी कोरी. पहिल्या पानावर मशीनचा नंबर असतो. तो रकाना रिकामा सोडला.

"एकूण किती जणी?"

"अकरा."

"नावं सांगा. मुलं किती, लहान की मोठी, आणि धागा सोडून आणखी काय काय येतं, तेही."

मग कोपऱ्यातली एक पोरगेलीशी म्हणाली, "ईरोस. एक मुलगी आहे, सात महिन्यांची. मला शिवण येतं, पण फार चांगलं नाही."

मी लिहिलं. शेजारची सरसावून बसली.